शेवाळातून तेल निघतं, मग ते पंपावर का येत नाही?

या वेळच्या सदरात एकच विषय घेतलाय, कारण पत्रांतून आणि मेलवर बहुतेक प्रश्न त्यावरच आलेत: शेवाळ, समुद्र आणि वनस्पतींपासून मिळणारं इंधन. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न: २००९-१० च्या आसपास पेपरात सारखं यायचं की आता शेवाळापासून डिझेल बनणार, खनिज तेलाची गरजच उरणार नाही. हल्ली त्याबद्दल कुणी बोलतच नाही. ते सगळं खोटं होतं का? की तेल कंपन्यांनी दाबलं?

खोटं नव्हतं आणि कुणी दाबलंही नाही. शेवाळातून तेल निघतं यात शंकाच नाही. तळ्याच्या पाण्याला हिरवा रंग देणारं जे सूक्ष्म शेवाळ असतं ना, एकेका पेशीचं, त्याच्या काही जातींच्या सुक्या वजनात वीस-तीस टक्के आणि कधीकधी त्याहूनही जास्त तेल असतं. ते काढायचं, मिथेनॉल आणि उत्प्रेरक घालून त्याचं बायोडिझेल करायचं, बाजूला ग्लिसरीन उरतं. ही केमिस्ट्री जुनी आहे, कुठल्याही वनस्पती तेलावर चालते. अडलंय ते त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर.

शेवाळ वाढवायचं तळं कसं असतं ते आधी बघा. धावण्याच्या ट्रॅकसारखं लांबट गोल, खोली जेमतेम वीत-सव्वा वीत, आणि पाणी सतत फिरतं राहावं म्हणून एका बाजूला पात्यांचं चाक. जास्त खोल करून उपयोग नाही कारण वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात आणि खालचं सगळं पाणी अंधारात फुकट जातं. आता हे तळं छान गर्द हिरवं झालं की बघणाऱ्याला वाटतं केवढं पीक आलंय, पण त्यातलं एक लिटर पाणी गाळून वाळवलं तर हातात अर्धा ते एक ग्रॅम पावडर येते. बाकी पाणीच. म्हणजे एक किलो सुक्या शेवाळासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी उपसायचं आणि त्या किलोतून तेल मिळणार पाव किलोच्या आसपास. शिवाय पेशी इतक्या बारीक, काही मायक्रॉनच्या, की साध्या फडक्यातून सरळ निसटून जातात, मग आधी काहीतरी घालून त्यांच्या गुठळ्या करा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग वाळवा, आणि या प्रत्येक ठिकाणी वीज नाहीतर उष्णता लागते. तेलबिया उन्हात आपोआप वाळून येतात, इथे ते वाळवणं आपल्याला ऊर्जा खर्च करून करावं लागतं. जेवढी ऊर्जा तेलात मिळाली जवळपास तेवढी ते काढण्यातच घालवली तर त्याला इंधन कसं म्हणायचं, सांगा.

वाळवणं टाळायचा एक मार्ग आहे: ओलंच शेवाळ तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सियसला, प्रचंड दाबाखाली शिजवायचं, की कच्च्या तेलासारखा काळा द्रव मिळतो. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात आशेचा वाटतो. पण त्यात नायट्रोजन बराच येतो, तो काढून टाकायला पुन्हा हायड्रोजन लागतो, म्हणजे खर्च आलाच.

दुसरी अडचण शेवाळाच्या स्वभावातच आहे. पेशीला भरपूर खत मिळालं की ती भराभर विभागते आणि तेल साठवत बसत नाही. नायट्रोजन तोडला की तेल साठवते, पण मग वाढच थांबते. एक तर भरपूर शेवाळ घ्या किंवा भरपूर तेल घ्या, दोन्ही एकदम हवं असेल तर जीव तयार नाही. आणि तिसरं म्हणजे उघड्या तळ्यात रोटिफरसारखे सूक्ष्म प्राणी शिरतात, बुरशी लागते, आणि काल हिरवंगार असलेलं तळं दोन-चार दिवसांत गढूळ तपकिरी होऊन बसतं. बंद काचेच्या नळ्यांत वाढवलं तर हे बरंचसं टळतं पण त्या नळ्या, त्यांचं कूलिंग आणि साफसफाई यांचा खर्च कितीतरी पट.

हे काही कुणी प्रयत्न न करता ठरवलेलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं यावर कार्यक्रम चालवला, सुमारे ३,००० जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला उघडी तळी चालवून पाहिली, आणि निष्कर्ष असा की जमतंय, पण खनिज तेलाच्या किमतीशी टक्कर देता येत नाही. नंतर तेल महागलं तसे पुन्हा पैसे आले. तेल कंपन्यांनी दाबलं म्हणता, तर २००९ मध्ये एक्सॉनमोबिलनेच जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जिनोमिक्स कंपनीसोबत ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली होती. त्यांनी जनुकांत बदल करून एका जातीतलं तेलाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ४० च्या वर नेलं आणि वाढही फारशी घटू दिली नाही, २०१७ मध्ये ते जाहीरही केलं, आणि शास्त्र म्हणून ते खरंच मोठं काम होतं. पुढचं टार्गेट होतं २०२५ पर्यंत दिवसाला १०,००० बॅरल तेल काढण्याची तांत्रिक क्षमता. जग दिवसाला साधारण १० कोटी बॅरल वापरतं हे लक्षात घ्या. २०२३ च्या सुरुवातीला एक्सॉनमोबिलने पैसे थांबवले.

आणि खताचा हिशोब तर मला सगळ्यात जास्त खटकतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २०१२ मध्ये अहवाल दिला की त्या देशाच्या वाहतुकीचं फक्त ५ टक्के इंधन शेवाळातून काढायचं म्हटलं आणि खत परत परत वापरलं नाही, तर तिथे एकूण वापरल्या जाणाऱ्या नायट्रोजनच्या ४४ ते १०७ टक्के नायट्रोजन लागेल. ५ टक्क्यांसाठी! नायट्रोजनचं खत बनतं नैसर्गिक वायूपासून. म्हणजे खनिज इंधन सोडायला निघालो आणि मागच्या दाराने तेच आत घेतलं असं होतं.

प्रश्न: मी आठवीत आहे. माझा मित्र म्हणतो की पेट्रोल डायनासोरपासून बनलं. खरंय का?

नाही रे, पण तुझा मित्र एकटा नाही, खूप मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. खनिज तेल मुख्यतः समुद्रातल्या अगदी बारीक जिवांपासून बनलंय, म्हणजे शेवाळ आणि पाण्यात तरंगणारे इतर सूक्ष्म प्लवक. हे जीव मेले की खाली तळाशी बसायचे. जिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नव्हता तिथे ते कुजून संपले नाहीत, गाळात दबत गेले, वर आणखी गाळ, आणखी गाळ, असं कोट्यवधी वर्षं चाललं आणि दोन-तीन-चार किलोमीटर खोलीवर साधारण ६० ते १२० अंश तापमानात त्यांचं तेल झालं. त्याहून जास्त तापलं की गॅस होतो. दगडी कोळसा मात्र जमिनीवरच्या दलदलीतल्या झाडांचा.

म्हणजे बघ, आपण आजही शेवाळाचंच तेल जाळतोय, फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. अडचण अशी की त्या शेवाळाने हवेतून घेतलेला कार्बन इतक्या काळात हळूहळू जमिनीत गेला होता आणि आपण तो दोनेकशे वर्षांत बाहेर काढून हवेत सोडतोय. आज वाढवलेल्या शेवाळाचं तेल जाळलं तर आत्ताच घेतलेला कार्बन परत जातो, म्हणून त्याचं एवढं कौतुक. आणि मित्राला आणखी एक सांग: पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा समुद्रातले हे न दिसणारे जीव तयार करतात. त्यातला प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक जीवाणू तर इतका लहान की १९८० च्या दशकापर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, आणि संख्येने तो समुद्रातला सगळ्यात जास्त प्रकाशसंश्लेषण करणारा जीव आहे.

प्रश्न: तळी, गोडं पाणी, जमीन ही भानगडच कशाला? समुद्र केवढा मोठा आहे, तिथे केल्पसारखं मोठं शेवाळ लावा आणि कापत राहा. खतही नको, पाणीही नको.

कल्पना चांगलीच आहे आणि मी तिच्या विरोधात नाही, पण दोन-तीन गोष्टी आधी समजून घ्या. पहिली म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळात तेल जवळजवळ नसतंच. त्यात असतात शर्करा, अल्जिनेटसारखे चिकट पदार्थ, आणि भरपूर पाणी आणि मीठ. म्हणजे त्यापासून डिझेल नाही, बायोगॅस किंवा इथेनॉल. बायोगॅस बरा, कारण त्याला वाळवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, खत नको हे खरं नाही. जायंट केल्प चांगल्या परिस्थितीत दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतो, पण तो थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात, किनाऱ्याजवळच्या खडकाला धरून. खुल्या समुद्राचं वरचं पाणी निळंशार दिसतं कारण त्यात काही वाढायला खतच नाहीये. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर यावर प्रयोग झाले, दोरांवर केल्प बांधायचा आणि खोलातलं थंड, पोषक पाणी पाइपने वर खेचायचं. लाटा आणि प्रवाहांपुढे केल्प टिकला नाही. २०१७ पासून अमेरिकेत पुन्हा त्यावर काम सुरू झालं, या वेळी साहित्य आणि सेन्सर पुष्कळ चांगले.

आकडा सांगतो. जगात समुद्री शेवाळाची शेती सुमारे साडेतीन कोटी टन होते, जवळजवळ सगळी आशियात, खाण्यासाठी आणि अगार-कॅराजीनन या खाद्यपदार्थ घट्ट करणाऱ्या पदार्थांसाठी. हे ओलं वजन. त्यातलं पाणी काढलं तर पन्नासेक लाख टन उरतं. जग वर्षाला चारशे कोटी टनांहून जास्त खनिज तेल वापरतं. म्हणजे आजची सगळी शेती इंधनाला दिली तरी वजनाने हजारात जेमतेम एक भाग भरतो.

आता तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समुद्र रिकामा नाहीये. आपण शेत म्हणून जिथे बोट ठेवतो तिथे आधीच कुणीतरी राहतं. नैसर्गिक केल्पचं जंगल म्हणजे मासे, खेकडे, गोगलगायी, समुद्री ऑटर (पाणमांजरं) यांचं घर असतं, ऑटर साळू म्हणजे सी अर्चिन खातात म्हणून केल्प टिकतो, ऑटर संपले की अर्चिन बुडख्यापासून केल्प कुरतडून टाकतात. दोरावरची शेती हे जंगल नाही. ती काही माशांना आसरा देते हे खरं, पण वरचा प्रकाश अडवते, खाली पडलेल्या पानांनी तळाचा ऑक्सिजन कमी करते, आणि दोर तुटले की त्यात देवमासे आणि कासवं अडकू शकतात. आणि परकी जात आणली तर काय होतं ते कापाफायकसने दाखवलंय. कॅराजीननसाठी लावलेलं हे लाल शेवाळ हवाईमध्ये १९७० च्या दशकात आणलं आणि ते पसरून प्रवाळांवर चढलं. मन्नारच्या आखातातही ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद झाली आहे. प्रवाळाला ऊन मिळालं नाही की तो मरतो, इतकं सरळ आहे ते. म्हणून स्थानिक जात, मर्यादित क्षेत्र, आणि आधी तिथल्या जिवांची नोंद, याशिवाय समुद्रात एकही दोर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: अटलांटिकमध्ये सार्गॅसम शेवाळाचे ढीगच्या ढीग किनाऱ्याला लागतात असं वाचलं. ते तर फुकट आहे, त्याचं इंधन करा की.

२०११ पासून हे मोठ्या प्रमाणात होतंय, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पट्टाच तयार होतो. बायोगॅसचे प्रयोग चालू आहेत. अडचणी अशा की ते कधी किती येईल याचा भरवसा नाही, सोबत वाळू आणि मीठ, आणि त्यात आर्सेनिक साठतं, म्हणजे उरलेला चोथा शेतात खत म्हणून टाकता येत नाही. किनाऱ्यावर पडून सडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो आरोग्याला वाईट. म्हणून उचलायला तर हवंच आणि उचललेल्याचा गॅस केला तर चांगलंच. पण खोल समुद्रातून ते ओरबाडून आणायच्या मी विरोधात आहे, कारण तिथे तरंगत्या सार्गॅसमखाली कासवांची पिल्लं आणि लहान मासे लपून वाढतात.

प्रश्न: समुद्रात लोखंड टाकलं की शेवाळ फुलतं म्हणे. मग तसं करून शेवाळ वाढवता येणार नाही का?

फुलतं, खरंय. दक्षिण महासागरात बाकी खत भरपूर आहे, लोह कमी पडतं. २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिथे लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला. शेवाळ वाढलं, पण तिथल्या बारीक प्राण्यांनी ते खाऊन टाकलं आणि तळाशी फारच थोडा कार्बन गेला. इंधनासाठी तर याचा काहीच उपयोग नाही, शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या पातळ हिरव्या पाण्यातून पेशी गोळा कोण करणार? आणि किनाऱ्याजवळ शेतातलं खत वाहून जाऊन जे शेवाळ फुलतं त्याने काय होतं ते मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात दिसतं: ते मरून कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे पळून जातात आणि ज्यांना पळता येत नाही ते मरतात.

प्रश्न: शेवाळ राहू दे. जट्रोफा, ऊस, पाम तेल, वापरलेलं खाद्यतेल, यातलं नेमकं चांगलं काय? स्पष्ट सांगा.

स्पष्टच सांगतो. वापरलेलं तेल चांगलं, पण थोडंच मिळतं. जट्रोफा म्हणजे मोगली एरंड, त्याने निराशा केली. पडीक जमिनीवर पाण्याशिवाय येतो म्हणून जगभर लाखो एकरांवर लावला, आणि हो, तो पडीक जमिनीवर जगतो, पण जगणं वेगळं आणि बिया देणं वेगळं. चांगल्या बिया हव्या तर चांगली जमीन आणि पाणी हवंच.

पाम तेल एकरी भरपूर मिळतं, पण त्यासाठी जंगल तोडून, दलदलीची पीट जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर असलेली) सुकवून लागवड केली तर त्या जमिनीतून जो कार्बन सुटतो तो भरून यायला कित्येक दशकं जातात. ते मला इंधन म्हणून मान्य नाही. ऊस त्यामानाने बरा, ब्राझीलने १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम चालवलाय आणि तिथे उसाचीच चिपाडं जाळून कारखाना चालतो, त्यामुळे बाहेरची ऊर्जा कमी लागते, मक्याच्या इथेनॉलला ती सोय नाही. पण पाणी आणि जमीन ऊसही खातोच. बाकी वनस्पती तेलावर इंजिन चालणं यात नवीन काही नाही, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, सोलर स्वस्त झालंय. मग या सगळ्या इंधनांचा नाद सोडून द्यायचा का?

गाड्यांपुरता बऱ्यापैकी सोडायला हरकत नाही. सोलर पॅनल त्यावर पडणाऱ्या उन्हातली साधारण २० टक्के ऊर्जा विजेत बदलतं. शेवाळ प्रत्यक्षात दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचित जातं, आणि त्यानंतर इंजिन त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत घालवतं. तेवढ्याच जागेत पॅनल लावून गाडी चालवली तर कितीतरी पट लांब जाते. इथे वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

विमानाचं मात्र तसं नाही. एक किलो विमानाच्या इंधनात साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, चांगल्या बॅटरीत एकच्या आसपास. समुद्र ओलांडणारं विमान बॅटरीवर उडवणं आज शक्य नाही, म्हणून तिथे द्रव इंधन लागणार आणि तिथेच शेवाळाला जागा आहे. जानेवारी २००९ मध्ये ह्यूस्टनहून कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या विमानाने जट्रोफा आणि शेवाळाचं तेल मिसळून चाचणीचं उड्डाण केलं. २०११ मध्ये तिथूनच युनायटेडने शेवाळाचं इंधन मिसळून प्रवासी नेले. त्या दुसऱ्या उड्डाणातलं शेवाळ मात्र उन्हात नाही, टाकीत साखर खाऊन वाढलेलं होतं, आणि ती साखर शेतातूनच येते हे बातम्यांत कुणी फारसं सांगितलं नाही. २०२१ मध्ये जपानमध्ये बॉट्रिओकॉकस नावाच्या शेवाळापासून बनवलेलं इंधन देशांतर्गत उड्डाणांत वापरलं. हे शेवाळ विशेष आहे, ते थेट हायड्रोकार्बन बनवतं आणि पेशीच्या बाहेर सोडतं, पण वाढतं फार सावकाश. त्याचं इंधन सध्या १० टक्क्यांपर्यंतच मिसळायला मान्यता आहे.

प्रश्न: मी घरी बाटलीत शेवाळ वाढवून तेल काढू शकते का? प्रोजेक्टसाठी हवंय.

वाढवू शकतेस, तेल नाही काढता येणार. तळ्याचं थोडं हिरवट पाणी, स्वच्छ बाटली, चिमूटभर पाण्यात विरघळणारं खत, खिडकीतला उजेड (थेट कडक ऊन नको) आणि रोज दोनदा हलवणं, एवढं पुरतं. पाणी गर्द झालं की हलवणं थांबव, काही दिवसांत खाली हिरवा थर बसेल. वरचं पाणी हळूच ओतून टाक, थर गाळणीच्या कागदावर घे, वाळव आणि शाळेच्या तराजूवर वजन कर. दर लिटरला किती ग्रॅम आलं तो आकडा हाच तुझा प्रोजेक्ट. सॉल्व्हंट वापरून तेल काढायला घरी अजिबात जायचं नाही, ती आग पकडणारी द्रव्यं असतात.

प्रश्न: मग शेवाळाचा खरा उपयोग कुठे आहे असं तुम्हाला वाटतं?

सांडपाण्यात. जे खत विकत घ्यायला परवडत नाही तेच नायट्रोजन आणि फॉस्फरस सांडपाण्यात आपण फुकट वाहून घालवतो, आणि मग ते नदीत, समुद्रात जाऊन मासे मारतं. विल्यम ऑसवाल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकापासून हे दाखवून दिलं होतं: उथळ तळ्यात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यावर जीवाणू घाण खातात, त्यांचा कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेतं, आणि हवा पंप करायची वीज वाचते. तयार झालेलं शेवाळ काढून बायोगॅसच्या टाकीत घातलं की थोडं इंधनही मिळतं. इथे हिशोब जुळतो कारण पाणी साफ करायचा खर्च तसाही होणारच होता. जागा मात्र जास्त लागते, आणि सांडपाण्यात कारखान्यांचं पाणी मिसळलेलं असेल तर जड धातू शेवाळात उतरतात, तेव्हा गॅस काढून उरलेला गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकायचा नाही.